सहा गाठी

टॉवेल जळाला त्याला तेवीस दिवस झाले होते. टॉवेल अप्पांचा, शेगडी अप्पांची, धुराने काळी झालेली भिंतही अप्पांचीच; पण त्याबद्दल बोलत होते बाकीचे सगळे.

"खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या म्हणून," थोरला म्हणाला. हे वाक्य तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होता. "त्यांना वास आला म्हणून निभावलं. त्या दिवशी त्यांना सर्दी असती तर?"

"तर मी भाजलेला बाप झालो असतो," अप्पा म्हणाले. "चहा घे, गार होतोय."

धाकटा मोठ्याने हसला. थोरल्या वहिनीने हसू लपवायला खिडकीकडे तोंड वळवलं. थोरला मात्र हसला नाही. विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करून करून त्याची नजरच तशी झाली होती; जिना दिसला की त्याला घसरलेला माणूस दिसायचा, आणि बाप दिसला की जळालेला टॉवेल.

मधली कामाच्या टेबलाला टेकून उभी होती. तिला घरात सगळे मधलीच म्हणत, चाळिशी उलटली तरी. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं नोकरी करत होती आणि रोज संध्याकाळी घरी जाताना तासभर इथे येत होती. तिच्या मागे, टेबलाची सगळी लांबी अडवून, जहाज उभं होतं. चार फूट लांब, तीन डोलकाठ्यांचं, अजून शिडं न चढलेलं.

"माझं म्हणणं एवढंच आहे," थोरला म्हणाला, "की अप्पांनी आमच्याकडे यावं. कायमचं."

"आणि हे?" धाकट्याने जहाजाकडे बोट केलं.

"ते कपाटावर राहील. मी माप घेतलंय."

"दादा, तू जहाजाचं माप घेतलंस की अप्पांचं?"

"तू गप्प बस. तुला काय, तू दोन महिन्यांतून एकदा येतोस, जोक करतोस, जातोस. अप्पा इथे राहिले तर तुझं बरंच आहे. तुला काहीच करायला लागत नाही."

"आणि तुझ्याकडे गेले तर तुला काय करायला लागणार आहे? करणार वहिनी."

वहिनीने रिकामे कप गोळा केले, इतक्या हळू की एकाचाही दुसऱ्याला धक्का लागला नाही.

थोरल्याच्या घरी काय व्यवस्था होणार हे मधलीला माहीत होतं. नातवाच्या खोलीत खाट. खिडकी आहे, पण टेबलाला जागा नाही. तिच्या स्वतःच्या भाड्याच्या एका खोलीत माणूस मावला असता किंवा टेबल, आणि तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच अप्पांनी सांगितलं होतं, की निवड करायची वेळ आली तर टेबल ने. ते हसत म्हणाले होते, पण थट्टा करत नव्हते.

जन्मभर अप्पांनी प्रयोगशाळांचे तराजू दुरुस्त केले. काचेच्या पेटीतले, केसाच्या वजनाने हलणारे. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आजोबांचा, हात त्याहून जाड कामाचा. ते गोदीत जहाजांचे सुतार होते. एका जहाजाची त्यांनी अकरा वर्षं डागडुजी केली, आणि ते भंगारात निघालं त्या दिवशी घरी आले ते त्याच्या नकाशाची गुंडाळी काखेत मारून. ती गुंडाळी पन्नास वर्षं ट्रंकेत पडून होती. आई गेल्यावर अप्पांनी ती बाहेर काढली. त्याला आता नऊ वर्षं होत आली. सहा वर्षांत सांगाडा, फासळ्या, फळ्या, डेक. फळी बसवायची ती एक डावीकडे, की लगेच एक उजवीकडे. एकाच बाजूच्या चार बसवल्या तर अख्खं जहाज पिळवटतं. "तराजूच आहे हा," अप्पा म्हणायचे. मग दोर सुरू झाले, आणि दोरांबरोबरच डोळे गेले. पूर्ण नाही. कडेकडेचं दिसत होतं, नजर रोखावी तिथे मात्र राखाडी डाग. "डॉक्टर म्हणाला, मधलं दिसणार नाही," अप्पांनी घरी येऊन सांगितलं होतं. "मी म्हटलं, मधली तर रोज येते."

"एक सांगतो," धाकटा आता म्हणत होता. तो फरशा विकायचा आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की आवाज मऊ करायचा, तसा त्याने केला. "दादा, तू ये इकडे. हे दोर बघ. या शिड्या बघ. प्रत्येक दोराला प्रत्येक ओळीत एक गाठ आहे, मुंगीच्या डोक्याएवढी. हे ज्या माणसाला जमतं त्याला शेगडी बंद करता येत नाही? टॉवेल कोणाच्याही हातून जळतो. हे कोणाच्याही हातून होत नाही."

मधलीने जमिनीकडे पाहिलं.

थोरला वाकला. तो प्रामाणिक होता. न बघता सही करणाऱ्यांतला नव्हता. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे सात-सात ताणलेले दोर, आणि खलाशांना चढता यावं म्हणून त्यांच्यावर आडव्या बांधलेल्या बारीक दोऱ्यांच्या ओळी. तो बराच वेळ बघत राहिला.

"अप्पा, हे तुम्हीच बांधलंत?"

"मग काय तुझी सासू आली होती?"

"या डोळ्यांनी?"

"बोटांनी. डोळे सोबतीला." अप्पा खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी हात टेकला नाही, आणि कोणी ते पाहतंय की नाही हे कडेच्या नजरेने पाहिलं. "तुला पुरावा पाहिजे ना? तुझ्या धंद्यात लागतो. आत्ता बांधून दाखवतो, तुझ्या समोर. सहा गाठी. तेरावी ओळ आज सुरू करायचीच होती. उद्या सकाळी ओढून बघ. एक जरी सुटली तर तू आणणार म्हणालास ती सुटकेस, खाट, नातू, सगळं कबूल. नाही सुटली तर पुन्हा या घरात हा विषय काढायचा नाही."

"आजच ओढून बघतो की."

"आज नाही. गाठ एक रात्र मुरू द्यायची. माझ्या बापाचा नियम आहे. ताज्या गाठीवर आणि ताज्या रागावर भरवसा ठेवायचा नाही म्हणायचा."

"अप्पा, राहू द्या ना," मधली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "असं पैजेवर कशाला?"

"तू का घाबरतेस? तूच रोज बघतेस माझं काम."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. तिने दिवा जवळ ओढून दिला.

अप्पांनी दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला. मान कोंबडीसारखी तिरकी केली, म्हणजे डाग बाजूला सरून दोर कडेला दिसेल. डाव्या हातात चिमटा. ते डावखुरे. पहिल्या दोराला वेढा, त्याच्यावर दुसरा वेढा, टोक आतून, आणि हलकेच ओढ. मग दुसरा दोर. चाळीस मिनिटांनी त्यांनी चिमटा ठेवला आणि बोटं उघडझाप केली.

"झालं. हात लावू नका कोणी."

थोरल्याने डोळे बारीक करून पाहिलं. "मला काही कळत नाही. काळं दिसतंय सगळं."

मधलीला कळत होतं. पहिली गाठ चांगली. चौथीही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठीचा वेढा दोराला पडलाच नव्हता, दोरा स्वतःभोवतीच फिरून हवेत लटकत होता. पाचवी अर्धी. सहावीने शेजारचा दोरही गुंडाळून घेतला होता.

सहांतल्या दोन. हल्ली साधारण एवढ्याच.

*

दुपारी जेवून अप्पा झोपले. थोरला सुटकेस आणायला बाजारात गेला. उद्याचा निकाल लागायचा होता, तरी त्याला तयारी हवी असायची. धाकटा त्याच्याबरोबर गेला, मधलीला वेळ मिळावा म्हणून वाटेत त्याला आणखी दोन दुकानांत अडकवायला.

मधलीने कामाच्या खोलीचं दार ओढून घेतलं, दिवा लावला आणि भिंग कपाळावर चढवलं.

पहिल्या वेळी असंच एकदाच करायचं म्हणून केलं होतं. तीन वर्षांपूर्वी. पुढची डोलकाठी, अकरावी ओळ. ती प्रयोगशाळेतून आली तेव्हा अप्पा अंघोळीला गेले होते, आणि दुपारी बांधलेल्या गाठींतल्या दोन खाली ओघळून आल्या होत्या. तिने त्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. अप्पांनी लहानपणी शिकवल्या होत्या तशाच, आणि त्यांच्या हाताच्या दिसाव्यात म्हणून डाव्या बाजूने. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी नेमाने वाकवलेल्या सुईने प्रत्येक गाठ ओढून पाहिली, गोंदाचा थेंब सोडला, आणि संध्याकाळी तिला म्हणाले, "डोळे गेले म्हणून रडत होतो बघ उगाच. हात जागेवर आहेत."

एवढं वाक्य ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बसावं लागलं. मग रोज. आजोबांचा नियम तिच्या पथ्यावर पडला. गाठ बांधल्यापासून गोंद लागेपर्यंतचा वेळ हा तिचा होता. अप्पा संध्याकाळचे खाली फेऱ्या मारायला जात, तेवढ्यात ती वर निस्तरत असे. कापलेले दोरे पुडीत बांधून घरी नेत असे, म्हणजे टेबलावर हात फिरवताना त्यांना लागू नयेत. प्रयोगशाळेत तिने आयुष्यात एकही आकडा सुधारून लिहिला नव्हता. एकदा साहेबांनी गळ घातली होती, तर तीन महिने अबोला पत्करला होता.

तिने दुसरी गाठ सोडली, बांधली. तिसरी सोडली.

दार उघडलं. मधलीचा हात जागच्या जागी थांबला.

"मीच आहे," वहिनी म्हणाली. तिने आत येऊन दार लावलं. "चालू दे तुझं."

"वहिनी, मी फक्त..."

"मला गेल्या खेपेपासून माहीत आहे. डोकं दुखत होतं म्हणून तुझ्या पर्समधून गोळी काढायला सांगितली होतीस ना? गोळीबरोबर पुडी आली हातात. मला आधी वाटलं, काय बाई ही केस-बिस जपून ठेवते की काय."

मधलीने नजर खाली वळवून पुन्हा चिमटा उचलला.

"दिवा असा धरू का? तुझ्या हाताची सावली पडतेय."

वहिनीने दिव्याची मान वाकवली आणि धरून उभी राहिली. तिसरी गाठ झाली. चौथी चांगली होती ती मधलीने तशीच ठेवली. पाचवी सोडायला घेतली.

"तुम्ही दादाला सांगितलं नाहीत."

"का सांगू?" वहिनी खाली बघत म्हणाली. "हे बघ, खोटं बोलायचं तर दोघी मिळून बोलू, पण एकमेकींशी नको. मला ते घरी नकोत. सासूबाईंचं शेवटचं वर्ष मी केलं, माझ्या आईची पाच वर्षं मी केली. आता माझ्या गुडघ्यांचं करायला कोणी नाही. अप्पा मला आवडतात. तुझ्या भावापेक्षा जास्त आवडतात, खरं तर. पण आवडणं वेगळं आणि धरून अंघोळीला नेणं वेगळं."

"त्यांना अजून कोणी धरायला लागत नाही."

"अजून," वहिनी म्हणाली.

मधलीने पाचवी गाठ आवळली. या बाईशी तिचं कधी जमलं नव्हतं. आईच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं यावरून दोघींत जे झालं होतं ते दोघीही विसरल्या नव्हत्या. आणि आता तीच दिवा धरून उभी होती.

"मला वाटायचं तुम्ही दादाच्या बाजूच्या."

"मी माझ्या कमरेच्या बाजूची. कशी बांधतेस गं हे? मला तर सुईत दोरा जात नाही."

"आधी एक वेढा, मग त्याच्यावर दुसरा. टोक आतून."

"आणि या खालच्या चकत्या? तीन-तीन भोकांच्या?"

"दोर ताणायला. अप्पा त्यांना माकडं म्हणतात. बघा ना, दोन डोळे आणि एक तोंड."

वहिनी वाकली. "अगं बाई, खरंच. आणि ही कोपऱ्यातली तर हुबेहूब तुझे दादा. टॉवेल जळाल्याचं कळलं तेव्हाचे."

मधलीला हसू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने मनगट तोंडावर दाबलं, वहिनीच्या हातातला दिवा हलायला लागला, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा दोघी एकाच गोष्टीला हसल्या. हसता हसताच मधलीने सहावी गाठ सोडवली, बांधली, दोरा पुढे नेला, वेढा, दुसरा वेढा, टोक आतून, ओढ. कात्रीने शेपूट छाटलं. पुडी बांधली.

"झालं?"

"झालं."

बाहेर जिन्यात धाकट्याचा आवाज आला. तो मुद्दाम मोठ्याने बोलत होता, सुटकेसच्या चाकांबद्दल.

*

रविवारी सकाळी नवी निळी सुटकेस दाराशी उभी होती, मुठीला दुकानाची चिठ्ठी तशीच. अप्पांनी दाढी केली होती आणि स्वच्छ सदरा घातला होता. ते खुर्चीत बसले, पण पाठ न टेकता.

"सुई घे," ते थोरल्याला म्हणाले. "आकडा दोराखालून घाल आणि आपल्याकडे ओढ. जोर लाव. लाज बाळगू नकोस."

थोरल्याने जोर लावला. मधली त्याचा चेहरा बघत होती. ही गाठ निघावी असं त्याला वाटत नव्हतं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तो दुष्ट नव्हता. नुसता घाबरलेला होता, तेवीस दिवस.

"एक," तो म्हणाला. "दोन. तीन. ही पण पक्की. चार. पाच." त्याने घाम पुसला. "सहा. सात. झालं. हरलो, अप्पा. एकही हलत नाही."

"आता सुटकेसची पावती काढ," धाकटा म्हणाला. "दादा, पावती आहे ना?"

वहिनीने श्वास सोडला. तो मधलीला ऐकू आला.

"सात?" अप्पा म्हणाले.

मधलीने ओळीकडे पाहिलं. तिला ती दिसली. सातव्या, शेवटच्या दोरावर, घट्ट आणि नेटकी.

नकाशात तसं नव्हतं. आजोबांच्या हाताची खूण होती तिथे. प्रत्येक ओळ सहा दोरांवर थांबते. फक्त दर सहावी ओळ सातव्या दोरापर्यंत जाते. बारावी गेली होती. ती मधलीने गेल्याच आठवड्यात निस्तरली होती, आणि हाताला तेच वळण राहिलं होतं. ही तेरावी. हे तिला आणि अप्पांना सोडून या जगात कोणाला माहीत नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

"हो, सात," धाकटा म्हणाला. "सातच बांधल्या तुम्ही. मी इथेच होतो."

"मी सहा म्हणालो होतो."

"बोललात सहा. जोशात एक जास्त झाली. बिघडलं काय? झाली तर चांगलीच."

"सातच होत्या," वहिनी म्हणाली. "मीही मोजल्या."

अप्पा उठले. टेबलाच्या कडेने हात सरकवत जहाजापाशी आले, आणि तर्जनीने दोर मोजत गेले. सहा. सात. बोट सातव्यावर राहिलं.

"तेरावी ओळ आहे ही," ते स्वतःशीच म्हणाले. "सातवा सोडायचा असतो." त्यांनी ओळ पुन्हा एकदा चाचपली. "म्हणजे मी नकाशा चुकलो. आणि चुकलो हेही आठवत नाही."

"अप्पा, एका गाठीचं काय एवढं?" थोरला म्हणाला. जिंकण्यातला त्याचा रस कधीच गेला होता.

"एका गाठीचं नाही." ते चाचपत खुर्चीवर बसले. "डोळे गेले, ठीक आहे. डोळ्यांवाचून भागतं. पण काल मी सहा मोजल्या, सहाव्याला थांबलो, चिमटा ठेवला. मला तो चिमटा ठेवलेला आठवतोय. आणि तसं झालेलंच नाही." त्यांनी कपाळाला हात लावला, जणू तिथे काही सैल झालं आहे का ते बघत. "शेगडीचंही असंच असणार. शेगडी बंद केल्याचं मला अगदी पक्कं आठवत होतं. तुम्ही सगळे नाही म्हणत होतात आणि मी मनात म्हणत होतो, तुम्हाला काय कळतं. म्हणजे डोकंच गेलं. मोजणारं डोकं गेलं."

धाकटा मधलीकडे बघत होता. वहिनी अगदी थोडी, नाही अशी, मान हलवत होती.

मधलीला समजत होतं. गप्प बसलं तर घर राहील, टेबल राहील, जहाज राहील. पण त्या टेबलाशी उद्यापासून एक असा माणूस बसेल ज्याचा स्वतःच्या आठवणीवर भरवसा नाही. बोललं तर डोकं त्यांचं त्यांना परत मिळेल, आणि हात जातील. दोन्ही पारड्यांत तेच होते. एक पारडं उचलायचं तर दुसरं खाली जाणारच.

"सहाच बांधल्या होत्या तुम्ही, अप्पा," ती म्हणाली. "सातवी माझी आहे."

"ताई!" धाकटा म्हणाला.

अप्पांनी मान तिरकी केली, तिला कडेच्या नजरेत घ्यायला. "तुझी कशी?"

"काल दुपारी बांधली. चुकून."

"चुकून सातवी बांधलीस. मग सहावीपाशी काय करत होतीस?"

तराजूच्या माणसाला उत्तर द्यायची गरज नव्हती.

"सहांतल्या माझ्या किती?"

"दोन."

"बाराव्या ओळीत?"

"अप्पा, कशाला आता?" वहिनी म्हणाली.

"तिला विचारतोय मी. कधीपासून, मधले?"

मधलीने त्यांचा हात धरला. गेली तीन वर्षं तिने त्यांच्या हातामागून काम केलं होतं. हात मात्र कितीतरी दिवसांनी धरला. तिने तो मधल्या डोलकाठीवरून पुढे नेला, पुढच्या डोलकाठीपाशी, खालून वर, आणि तर्जनी एका दोरावर टेकवली.

"अकरावी ओळ, तिसरा दोर. इथवर सगळ्या तुमच्या. इथून पुढे तुमच्या पक्क्या होत्या त्या मी ठेवल्या. बाकीच्या..."

"म्हणजे मोजल्या असशील."

"हो."

"सांग."

"सुरुवातीला शंभरात साठ ठीक असायच्या. मागच्या वर्षी चाळीस. आता तीस."

अप्पांनी मान डोलावली. काट्याची नोंद ऐकावी तशी. बोट त्या जुन्या गाठीवरच होतं, आणि ते ती पुन्हा पुन्हा चाचपत होते.

"साठ असताना सांगायचं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "साठावर मी थांबलो असतो. साठ हा बरा आकडा आहे. माणसाने थांबावं असा. ही गाठ शेवटची म्हणून बांधली असती, गोंद लावला असता, आणि पुढे दुसरं काही बघितलं असतं. तेव्हा तीन वर्षं तरुण होतो मी."

"तुम्ही म्हणालात, हात जागेवर आहेत..."

"मग खोडून काढायचं ना. तुला आकडे वाचायला कोणी शिकवलं?"

तीन वर्षं तिला वाटत होतं की आपण त्यांच्यासाठी काही तरी धरून ठेवलं आहे.

"वाईट बांधल्या नाहीस," मग अप्पा म्हणाले. "मला फरक कळला नाही. माझ्या बापालाही कळला नसता." ही शाबासकी होती, आणि यापुढे कधी मिळणार नव्हती. त्यांनी जहाजावरून हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला, नुसता मेणाचा चिकटपणा काढावा तसा. "सुटकेस मोठी आहे का रे?"

"अप्पा, पैज तुम्ही हरला नाहीत," थोरला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "एकही गाठ सुटली नाही."

"माझ्या चार सुटल्या. पैज माझ्या गाठींची होती. भर सुटकेस."

"आठ दिवस थांबू या," वहिनी म्हणाली. "घाई काय आहे? मीच येते आठ दिवसांनी..." मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण ती मध्येच थांबली. तिने पदराने विनाकारण हात पुसले आणि आत कपाटाकडे गेली. थोड्या वेळाने सदऱ्यांच्या घड्या उतरवल्याचा आवाज येऊ लागला. धाकटा दारात सुटकेसच्या मुठीवरची चिठ्ठी सोलत बसला. ती निघत नव्हती, आणि त्याने एकही जोक केला नाही.

जहाजाचं काय करायचं ते कोणी विचारलं नाही. कपाटाच्या वरचं माप घेतलेलं होतं, तरी थोरल्याने तो विषय काढला नाही.

"मधले," अप्पा म्हणाले.

"काय अप्पा?"

"ती सातवी सोड. नकाशात नाही ती."

"कापते."

"कापू नकोस. कात्रीचं टोक दोराला लागतं. सोड. मी आहे तोवर सोड."

तिने भिंग चढवलं, दिवा ओढला, चिमटा घेतला. टोक दोन वेढ्यांच्या मधोमध रोवायचा प्रयत्न केला, मग खालून, मग शेपटाकडून. अप्पा खुर्चीत बसून त्या बाजूला मान तिरकी करून वाट बघत होते. आतल्या खोलीत सुटकेसची चेन ओढली गेली, अडकली, पुन्हा ओढली गेली. मधलीने भिंग काढून डोळे पुसले, पुन्हा लावलं आणि पुन्हा सुरुवात केली. गाठ ढिम्म हलत नव्हती. तीन वर्षांत तिने बांधलेली एकही सुटलेली नव्हती.